चारचौघं म्हणतात म्हणून: समूहाच्या दबावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पंच, सोसायटीच्या समित्या, उत्सव मंडळं, स्वयंसाहाय्य गट, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी आहे. उदाहरणं गोव्यातली आहेत. प्रयोग जिथे झाले तिथलेच आहेत, त्यातले बरेचसे अमेरिकेतले.

समूहाचा दबाव नेमका कशाला म्हणायचं?

कोणी सांगितलं नाही, मागितलं नाही, तरी बाकीचे करतात म्हणून आपणही करणं, ही अनुरूपता. पावती पुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरांना नाही म्हणवत नाही, ते विनंती मान्य करणं. आणि अधिकाऱ्यानं फर्मावलं म्हणून करणं, ते आज्ञापालन. व्यवहारात तिन्ही एकमेकांत मिसळतात, पण उपाय वेगवेगळे आहेत. बैठकीतली चुप्पी मोडायला चिठ्ठी पुरते. दारातल्या विनंतीला आधी ठरवलेला आकडा लागतो. हुकमासमोर मात्र आधी नकार देणारा दुसरा कोणी लागतो.

डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना माणूस चुकीचं उत्तर देतो, हे खरं आहे का?

खरं आहे, पण ऐकीव गोष्टीत सांगतात तितकं नाही. सॉलोमन आश यांनी १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. तिघींपैकी कोणती पहिल्या रेघेएवढी आहे ते मोठ्यानं सांगायचं. खोलीत सात-आठ जण, पण त्यातला एकच खरा उमेदवार. बाकीच्यांना काय बोलायचं ते आधीच पढवलेलं, आणि खऱ्या उमेदवाराची पाळी शेवटची किंवा शेवटून दुसरी. एकूण १८ फेऱ्या, त्यातल्या १२ फेऱ्यांत सगळे मिळून चुकीची रेघ दाखवायचे.

एकट्यानं उत्तर द्यायचं असलं की चुका एक टक्क्याहूनही कमी. समूहात मात्र त्या १२ फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं बहुमताच्या मागे गेली. सुमारे तीन-चतुर्थांश जण निदान एकदा तरी वाकले. हे आकडे सगळीकडे छापून येतात. उरलेली सुमारे ६३ टक्के उत्तरं बरोबर होती आणि चौघांतला एक जण एकदाही वाकला नाही, हे सांगायचं राहून जातं. आश यांना स्वतःला या न वाकणाऱ्यांचंही तितकंच कुतूहल होतं.

नंतर विचारल्यावर वाकणाऱ्यांनी दिलेली कारणं एका साच्यातली नव्हती. कोणाला आपल्याच नजरेची शंका आली. कोणाला आपलं बरोबर आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. काहींना आपल्यामुळे प्रयोग बिघडेल अशी धास्ती होती.

माणूस लाजेनं वाकला की खरंच पटलं म्हणून, हे कसं ओळखायचं?

मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली दोन प्रकार वेगळे काढले. एकात आपण इतरांना माहितीचा स्रोत मानतो. म्हापशाच्या बाजारात बांगडे ताजे कोणाकडे हे कळत नसलं की जिथे गिऱ्हाईक जास्त तिथेच आपण उभे राहतो. यात चूक काही नाही, बहुतेक वेळा मासळीही ताजीच मिळते. दुसऱ्यात आपल्याला माहिती असते, पण लोकांच्या नजरेतून उतरायचं नसतं. अहवालातला खर्च जुळत नाही हे दिसत असूनही सोसायटीच्या सभेत हात वर करणारा हा दुसऱ्या प्रकारातला.

ओळखायची सोपी खूण म्हणजे तोच प्रश्न एकांतात विचारायचा. उत्तर बदललं तर लाज होती, तेच राहिलं तर पटलेलं होतं. मुझफर शेरीफ यांनी १९३५ साली काळोख्या खोलीत स्थिर प्रकाशाचा ठिपका दाखवला. डोळ्यांच्या भ्रमामुळे तो हलल्यासारखा वाटतो, किती ते मात्र कोणालाच नक्की सांगता येत नाही. एकत्र बसवल्यावर लोकांचे अंदाज जवळ येत गेले आणि पुढे एकटं बसवलं तरी तेच टिकले. प्रश्न जितका संदिग्ध तितका समूहाचा अंदाज आत मुरतो. आश यांच्या रेघा स्पष्ट होत्या, म्हणून तिथे उत्तर गुपचूप लिहायची मुभा मिळाल्याबरोबर चुका घटल्या.

दबाव यायला किती माणसं लागतात?

तीन पुरतात. आश यांच्या प्रयोगात समोर एकच विरोधक असला तर जवळजवळ काही फरक पडत नव्हता. दोन झाले की चुका सुमारे १४ टक्क्यांवर आणि तिघे झाले की ३२ टक्क्यांच्या आसपास गेल्या. त्यापुढे माणसं वाढवून फारशी भर पडली नाही.

गर्दी वाढेल तसा परिणाम वाढतो अशाही जागा आहेत. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर १९६९ साली स्टॅन्ली मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी आपली माणसं उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघायला लावलं. एकच जण बघत असला तर येणाऱ्याजाणाऱ्यांतले ४ टक्के थांबले, १५ जण बघत असताना ४० टक्के. नुसती मान वर करणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ८६ वर गेलं. मान वर करायला काही खर्च येत नाही.

याच्या उलट बाजूचा निकाल जास्त उपयोगी आहे. आश यांनी गटात एकच खरं बोलणारा ठेवला तेव्हा चुका सुमारे एक-चतुर्थांशावर आल्या. तो सोबती बरोबरच असायला हवा असंही नाही. बहुमताहूनही जास्त चुकीची रेघ दाखवणारा असला तरी उमेदवाराचं धाडस वाढलं, कारण एकमत मोडलं होतं. हाच सोबती मधेच उलटून बहुमताला मिळाला की उमेदवार पुन्हा पहिल्याइतकाच वाकू लागला. शेजाऱ्याला "मी तुझ्या बाजूनं बोलेन" असं सांगून सभेत गप्प बसू नका. मुळात काहीच कबूल केलं नसतं तर ते त्याला परवडलं असतं.

ग्रामसभेत कोणी बोलत नाही, बाहेर तिठ्यावर आल्यावर सगळे बोलतात. असं का?

प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावतो आणि स्वतःच्या गप्प बसण्याचा अर्थ संकोच असा. सगळेच असं करतात, म्हणून पन्नास शंकेखोरांची सभा बाहेरून एकमतानं चाललेली दिसते. बिब लताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली प्रतीक्षागृहात भिंतीतून धूर सोडला. एकटा बसलेला माणूस असला तर ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन कळवलं. सोबत दोन पढवलेले निर्विकार बसले असताना फक्त १० टक्क्यांनी. तिघेही खरेखुरे उमेदवार असले तरी तिघांत मिळून कोणी कळवल्याचं प्रमाण ३८ टक्केच.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण नरकासुराच्या रात्रीच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीच्या, ध्वनिवर्धकाचं. घरोघरी कुरकुर असते, पण "पोरांना हवंय, वाड्याला हवंय" असं समजून कोणी बोलत नाही. अशा वेळी भाषण कामाचं नाही, मोजणी कामाची. प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या, त्यावर दोनच प्रश्न. तुम्हाला स्वतःला किती वाजेपर्यंत चालेल? वाड्यावरच्या इतरांना किती वाजेपर्यंत चालेल असं तुम्हाला वाटतं? नाव लिहायचं नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं चढत्या क्रमानं लावून मधोमध येणारे आकडे काढा आणि शेजारीशेजारी फलकावर लावा. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दारूच्या सवयींबद्दल असेच दोन प्रश्न विचारले होते. तिथे विद्यार्थ्यांना स्वतःला जेवढं खटकत होतं त्याहून इतरांना कमी खटकतं, असा त्यांचा समज निघाला. तुमच्या वाड्यावर अंतर निघालंच नाही, तर लोकांना खरंच चालतंय. तेही मान्य करायची तयारी ठेवून चिठ्ठ्या वाटा.

मग बैठक घ्यायची कशी?

या पानावरचं सगळ्यात उपयोगी उत्तर बहुधा हेच. बोलणारी, धीट माणसं शोधत बसू नका. बैठकीची मांडणी बदला.

विषय मांडला की चर्चेआधी दोन-तीन मिनिटं सगळ्यांनी आपलं मत कागदावर लिहायचं. डॉइच आणि जेरार्ड यांच्या प्रयोगात बहुमत ऐकण्याआधी स्वतःचं उत्तर लिहून ठेवलेली माणसं बरीच कमी वाकली. चिठ्ठ्या एकाच मापाच्या, पेन एकाच रंगाचं. गोळा करणारा अध्यक्ष किंवा सचिव नको, ज्याचा त्या विषयाशी संबंध नाही असा कोणी हवा. चिठ्ठ्या मिसळून सगळ्या वाचून दाखवायच्या, निवडक नाहीत. चर्चा त्यानंतर. बोलायची सुरुवात नव्या सभासदापासून, भाडेकरूपासून, वयानं लहान असलेल्यापासून करा. सरपंच किंवा अध्यक्ष सर्वांत शेवटी. अध्यक्षानं "माझं मत असं आहे, पण तुम्ही मोकळेपणानं बोला" म्हटलं की पुढची मोकळीक नावालाच उरते. अर्विंग जॅनिस यांनी १९७२ साली अमेरिकी सरकारच्या फसलेल्या निर्णयांचा, त्यातही १९६१ च्या क्युबावरच्या चढाईचा, अभ्यास करून गटाला एकमताची घाई कशी नडते ते मांडलं. नेत्यानं सुरुवातीला आपलं मत सांगू नये, ही त्यांच्या शिफारशींतली एक.

बिघडतं कुठे? गट सहा-सात जणांचा असेल तर अक्षर ओळखू येतं. तिथे वाक्य लिहायला लावू नका, छापलेल्या पर्यायांसमोर खूण करायला सांगा. "कोणाचा विरोध आहे का?" हा प्रश्न तर टाळाच, कारण त्यात बोलणाऱ्याला आधी विरोधक व्हावं लागतं. त्याऐवजी "यात काय बिघडू शकतं, प्रत्येकानं एक तरी सांगा" म्हणा. मग गप्प बसणाराच वेगळा दिसतो. मुद्दाम एखाद्याला "तू आज विरोधकाची भूमिका घे" असं सांगण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून असहमत असलेल्या माणसामुळे गटाचा विचार जास्त खुलला. नाटक लोकांना कळतं. आणि कायद्यानं हात वर करूनच मतदान हवं असेल तर ते शेवटी ठेवा, चिठ्ठ्या वाचून झाल्यावर.

वर्गणीला आलेल्यांना नाही म्हणवत नाही. यामागे काय असतं?

पावती पुस्तक नीट बघा. पहिल्या दोन-तीन पावत्यांवर मोठे आकडे असतात आणि पानं तुमच्यासमोरच उलटली जातात. हे सहसा कोणी कपटानं करत नाही. मंडळाची पोरं आधी ओळखीच्या दुकानदाराकडे जातात, म्हणून पहिले आकडे आपोआप मोठे निघतात. परिणाम मात्र होतोच. जेन शँग आणि रेचेल क्रोसन यांनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक रेडिओच्या देणगीमोहिमेत फोन करणाऱ्यांना "आधीच्या एका सभासदानं ३०० डॉलर दिले" असं सांगितलं. काहीच न सांगितलेल्या फोनांच्या तुलनेत सरासरी देणगी सुमारे १२ टक्के वाढली.

दारातल्या आणखी दोन युक्त्या ओळखून ठेवा. पहिलीत आधी क्षुल्लक गोष्ट मागतात. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ साली कॅलिफोर्नियात काही घरांना आधी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा एक छोटासा फलक लावायला सांगितलं. दोनेक आठवड्यांनी अंगणात भलामोठा, बेढब फलक रोवू द्याल का, असं विचारल्यावर त्यातल्या ७६ टक्क्यांनी हो म्हटलं. थेट मोठी मागणी केलेल्या घरांत हे प्रमाण १७ टक्के होतं. दुसरीत उलट असतं: आधी अशक्य मागणी, मग "बरं, निदान एवढं तरी". रॉबर्ट चाल्डिनी यांच्या १९७५ च्या प्रयोगात दोन वर्षं, आठवड्याला दोन तास सेवा द्याल का, असं आधी विचारलं. त्याला नकार मिळाल्यावर एकाच सहलीसाठी सोबत मागितली, तेव्हा होकार १७ वरून ५० टक्क्यांवर गेला.

उपाय रूक्ष आहे. चवथीआधी घरात बसून वर्षाची एकूण वर्गणी ठरवा, मंडळांची नावं आणि रक्कम कॅलेंडरच्या मागे लिहा आणि दारात तोच आकडा सांगा. "आमचं ठरलेलं आहे" या वाक्याला पोरंही फार ताणत नाहीत. मंडळाला प्रामाणिकपणे पैसे जमवायचे असतील तर पुस्तक मिटून पुढे करावं आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च छापून द्यावा.

"इथे सगळे कचरा टाकतात, लाज वाटू द्या" असा फलक लावला. कचरा वाढला. का?

फलकावरचा उपदेश कोणी वाचला नाही, बातमी वाचली. बातमी अशी की इथे सगळे टाकतात.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. तिथे पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. संशोधकांनी खूण केलेले तुकडे वाटांवर ठेवले आणि फलक बदलून पाहिले. "आधीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे" असा फलक असताना ७.९२ टक्के तुकडे गेले. "कृपया तुकडे नेऊ नका" असा साधा फलक असताना १.६७ टक्के. हळहळ व्यक्त करणारा फलक चोरीला आमंत्रण ठरला.

गोव्यातल्या रस्त्याकडेच्या ब्लॅक स्पॉटवर, म्हणजे लोक नेहमी कचरा टाकतात अशा जागेवर, यावरून काय करायचं? आधी जागा स्वच्छ करा. ढिगाऱ्यावर लावलेला कोणताही फलक खोटा पडतो, कारण ढीगच सांगत असतो की टाकायची जागा हीच. पहिली पिशवी पडली की ती त्याच दिवशी उचलायची. पहिले काही आठवडे हे जमणार नसेल तर फलकावर पैसे घालू नका. मजकुरात बहुसंख्यांचं वाईट वागणं नको, "येथे कचरा टाकू नका" एवढंच, आणि त्याखाली गाडी कोणत्या दिवशी किती वाजता येते ते मोठ्या अक्षरात. कुठे टाकू नये हे लोकांना कळतं, कुठे द्यायचा हे बऱ्याचदा कळत नाही, विशेषतः भाड्यानं राहणाऱ्यांना.

वाड्यावरची बहुतेक घरं ओला-सुका वेगळा करून देत असतील तर तो आकडा जरूर लावा, पण खरा. पंच सदस्यांनी मनानं घातलेला ९० टक्क्यांचा आकडा पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. आणि चांगलं वागणारे अजून थोडेच असतील तर? तेव्हा प्रमाण सांगू नका, दिशा सांगा. ग्रेग स्पार्कमन आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१७ च्या अभ्यासात "३० टक्के लोक मांस कमी खातात" असं वाचलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. "३० टक्के लोकांनी मांस कमी करायला सुरुवात केली आहे" असं वाचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आकडा तोच. "गेल्या सहा महिन्यांत आणखी १२ घरं वेगळा कचरा देऊ लागली" हे वाक्य, खरं असेल तर, कामाचं आहे.

एक धोका राहतो. वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली कॅलिफोर्नियातल्या २९० घरांना शेजाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा वीजवापर कळवला. जास्त वापरणारी घरं खाली आली, पण कमी वापरणारी वर गेली. आपण उगाच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असावं. कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. सरासरी सांगाल तेव्हा चांगलं करणाऱ्याची पाठही थोपटा.

हॉटेलातल्या "बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" या पाटीचा उपयोग होतो का?

कधी होतो, कधी नाही. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात पर्यावरणाचं आवाहन करणाऱ्या पाटीनं ३५ टक्के आणि बहुसंख्यांचा दाखला देणाऱ्या पाटीनं ४४ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. जर्मनीत हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा ही आघाडी दिसली नाही. कळंगुट-बागाच्या हॉटेलवाल्यांनी पाटी लावायला हरकत नाही. पण आधी खोली साफ करणाऱ्यांना सांगा की दांडीवरचा टॉवेल उचलायचा नाही. पाटी काहीही म्हणो, दांडीवरचा टॉवेल रोज बदलला जात असेल तर पाहुणा दुसऱ्या दिवशी पाटीकडे बघतही नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शहाणी माणसंही अफवा पुढे का ढकलतात?

पुढे ढकलणारा स्वतःला बातमीदार समजत नाही. आधी पाच जणांनी ढकललं, म्हणजे कोणीतरी तपासलं असणार, असं तो धरून चालतो. त्या पाचांनीही तेच धरलेलं असतं. अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली ही साखळी गणितानं दाखवली. समजा, दोन खानावळी शेजारी आहेत. शंभरातल्या ९९ जणांकडे दुसरी चांगली असल्याची माहिती आहे, पण पहिलीचं नाव मुळात किंचित जास्त आहे आणि सर्वांत आधी आलेला एक जण नेमका पहिलीत शिरतो. मागचा त्याला बघून आपली माहिती बाजूला ठेवतो, त्याच्या मागचा दोघांना बघून. शंभर माणसं पहिलीत जेवतात. प्रत्येकाचं वागणं सुज्ञपणाचं, आणि एकूण निकाल चुकीचा.

महाराष्ट्रात याची किंमत माणसांच्या जिवानं मोजली गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

ग्रुपवर काय करायचं? लवकर बोला. दहा जणांनी अंगठे दाखवल्यावर आलेली दुरुस्ती कोणी वाचत नाही. पाठवणाऱ्याला खोटं पाडू नका, "भाई, हे कुठून आलं? पोलीस स्टेशनला विचारलं, असं काही नाही म्हणाले" इतकं पुरतं, अर्थात खरंच विचारलं असेल तरच. मग ग्रुपमधल्या आणखी एकाला खासगी मेसेज करून तुमच्या दुरुस्तीला दुजोरा द्यायला सांगा. आश यांच्या सोबत्याचं काम तो करतो.

मुलगा मित्रांचं ऐकतो, आमचं ऐकत नाही. काय करावं?

मित्रांसमोर धोका पत्करणं हे त्या वयाचंच आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सोबत समवयस्क असताना सगळ्यांनीच जास्त धोका घेतला, पण किशोरांत आणि विशीच्या आसपासच्यांत ही वाढ प्रौढांपेक्षा ठळक होती. त्यामुळे "एकटा असताना किती शहाण्यासारखं चालवतो" हा पालकांचा अनुभवही खरा आणि पोलिसांचाही खरा.

"आजकाल सगळीच पोरं पितात" हे वाक्य घरात बोलू नका. तो कचऱ्याचाच फलक आहे. नकाराची तयार वाक्यं द्या, आणि ती मुलाच्याच तोंडची वाटतील अशी: "बाबा गाडीची चावी काढून घेतील", "उद्या सकाळी मॅच आहे". आईबाबांवर ढकलायची पूर्ण परवानगी द्या, त्यात तुमचं काही जात नाही. रात्री कधीही फोन केला तर प्रश्न न विचारता घ्यायला येऊ, असं ठरवा आणि पहिल्या वेळी खरोखर प्रश्न विचारू नका, नाहीतर दुसरा फोन येणार नाही. त्याच्या टोळक्यात न पिणारा, हेल्मेट घालणारा एक तरी मित्र आहे का बघा. असेल तर त्याला घरी जेवायला बोलवत राहा.

भारतीय लोक जास्त वाकतात, असं संशोधन सांगतं का?

रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ साली १७ देशांतले रेघांचे १३३ अभ्यास एकत्र तपासले. समूहाला महत्त्व देणाऱ्या संस्कृतींत अनुरूपता जास्त आढळली आणि अमेरिकेत १९५० च्या दशकापासून ती कमी होत गेलेली दिसली. पण ही देशोदेशींची सरासरी आहे. तिच्यावरून सुशेगाद गोंयकार किंवा कोणताही एक माणूस सभेत कसा वागेल ते सांगता येत नाही. खोलीची मांडणी त्याहून बरंच जास्त सांगते.

एकट्यानं विरोध करायचा तर कसा?

सातत्यानं आणि एकाच मुद्द्यावर. सर्ज मोस्कोविसी यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणींच्या गटात दोघी पढवलेल्या होत्या. निळ्या ३६ स्लाइड्स दाखवल्या. दोघी प्रत्येक वेळी "हिरवी" म्हणत राहिल्या तेव्हा बाकीच्यांच्या ८.४२ टक्के उत्तरांत "हिरवी" आलं. त्याच दोघी कधी हिरवी, कधी निळी म्हणू लागल्या तेव्हा १.२५ टक्के. धरसोड केली की अल्पमत संपतं.

सभेत याचा अर्थ एकच मागणी, लिहून, इतिवृत्तात नोंदवायला सांगून. "माझा विरोध नोंदवा" यापेक्षा "पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची तीन दरपत्रकं पुढच्या सभेत ठेवावीत, अशी माझी मागणी नोंदवा" बरं. पुढच्या सभेत तीच मागणी, त्याच शब्दांत. सोबत जुना भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) वाद, पार्किंग आणि कुत्रा आणू नका. आणि आधी एक सोबती मिळवा. ते जमलं नाही तर बोलायचा दिवस पुढे ढकललात तरी चालेल.

मिलग्रमचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग खोटा होता, असं वाचलं. खरं काय?

या प्रयोगात उमेदवार 'शिक्षक' बनायचा आणि प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, उत्तर चुकलेल्या 'विद्यार्थ्या'ला वाढत्या जोराचे विजेचे झटके द्यायचा. झटके खोटेच होते, वाद त्याबद्दल नाही. येल विद्यापीठातल्या, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० पुरुषांपैकी २६ जणांनी १५ व्होल्टच्या पायऱ्यांनी ४५० पर्यंतची सगळी ३० बटणं दाबली. पुढे जुन्या ध्वनिफिती तपासल्यावर दिसलं की प्रयोगकर्ता ठरलेल्या वाक्यांच्या बाहेर जाऊन आग्रह करत होता आणि बऱ्याच उमेदवारांना संशय आला होता. म्हणून ६५ टक्के हा आकडा माणसाच्या स्वभावाचं मोजमाप म्हणून सांगू नये. त्याच मालिकेत सोबतच्या दोन शिक्षकांनी नकार दिल्यावर ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. हा निकाल फारसा कोणी सांगत नाही.

१९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग, ज्यात तरुणांना पहारेकरी आणि कैदी बनवलं होतं, मात्र वर्गात पुरावा म्हणून शिकवू नये. पहारेकऱ्यांना कडक वागायला उद्युक्त केलं होतं, असं त्याच्या दप्तरातूनच पुढे आलं आहे.

आश यांचा प्रयोग शाळेत करून दाखवता येईल का?

येईल, पण एका मुलाला सगळ्यांसमोर फसवून नको. फसलेलं मूल लाजतं, त्याची वर्षभर टिंगल होते आणि पढवलेली पाच-सहा पोरं हसल्याशिवाय राहत नाहीत, म्हणजे प्रयोगही बुडतो. कोणालाच न फसवता तेच दिसेल असा प्रकार इथे आहे.

काचेची मोठी बरणी सुक्या काजूबियांनी भरा, तीनशे ते चारशे बिया. मोजून संख्या लिहून ठेवा आणि ती शिक्षकांखेरीज कोणाला सांगू नका. वर्गाचे दोन गट करा, प्रत्येकात निदान १५ मुलं. पहिल्या गटात प्रत्येकाला वेगळी कोरी चिठ्ठी. दुसऱ्या गटात एकच कागद, त्यावर प्रत्येकानं आधीच्याच्या अंदाजाखाली आपला अंदाज लिहायचा. बरणी दोन्ही गटांना सारख्याच अंतरावरून, प्रत्येकाला अर्धा मिनिट दाखवायची. शेवटी दोन्ही गटांचे आकडे चढत्या क्रमानं फळ्यावर लिहा, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजातलं अंतर काढा, मग मधला आकडा खऱ्या संख्येशी ताडून बघा. दुसऱ्या गटातले अंदाज बहुधा पहिल्या दोन-तीन आकड्यांभोवती गोळा झालेले दिसतील. ते खऱ्या संख्येच्या जवळ असतील किंवा नसतील, दोन्हींवर बोलण्यासारखं आहे.

बिघाड ठरलेले आहेत. चिठ्ठीच्या गटातली मुलं मोठ्यानं आकडा बोलतात, म्हणून तो गट आधी उरका. एकाच कागदाच्या गटात वर्गातला हुशार मुलगा पहिला आला तर सगळे त्याच्या मागे जातात, तेव्हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. एखादं टोकाचं उत्तर सगळं अंतर फुगवतं. ते फेकू नका, पण त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय अशी दोन्ही अंतरं फळ्यावर मांडा. कागदावर नावं लिहून घेऊ नका. आणि पुढच्या वर्गाला तीच बरणी दाखवू नका. मधल्या सुट्टीत आकडा फुटलेला असतो.